सुफळ संपूर्ण म्हणण्याचा हक्क

२ जुलै २०२५ ला बुधवार होता. आषाढी चार दिवसांवर आली होती. आतल्या खोलीत आई टीव्हीवर वारी बघत होती आणि बाहेरच्या खोलीत माझी भाची दोन मैत्रिणींना घेऊन बसली होती. तिघींनी ऑफिसातून रजा काढली होती. ‘द ओल्ड गार्ड’ या अमर योद्ध्यांच्या चित्रपटाचा दुसरा भाग त्या दुपारी साडेबाराला नेटफ्लिक्स या ओटीटीवर येणार होता आणि त्याची वाट त्यांनी पाच वर्षं पाहिली होती. पोह्यांच्या बशा देऊन मीही त्यांच्यातच बसले. पहिला भाग आम्ही याच घरात, सदाशिव पेठेतल्या याच खोलीत एकत्र पाहिला होता.

सिनेमा संपला. पडदा काळा झाला, नावं सरकायला लागली, तरी कुणी जागचं हललं नाही. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी एक छोटासा प्रसंग होता, तसा आताही असेल म्हणून तिघी थांबल्या होत्या. शेवटचं नाव गेलं. काही आलं नाही. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, “आत्या, हे संपलं?”

संपलं नव्हतं. कथेतली निम्मी माणसं शत्रूच्या ताब्यात होती, उरलेल्या दोघी त्यांना सोडवायला निघाल्या होत्या आणि तिथेच सूत तुटलं होतं. त्या दिवशी तिसऱ्या भागाची घोषणा झालेली नव्हती. पुढच्या काही दिवसांत जगभरच्या चाहत्यांनी जो राग व्यक्त केला, त्यातला मोठा भाग या एका गोष्टीवर होता. मारामाऱ्या बऱ्या होत्या की वाईट, उमा थर्मनला पुरेसं काम दिलं की नाही, यावर मतं निरनिराळी होती. अर्ध्यावर सोडल्याचं दुःख मात्र सगळ्यांचं सारखंच होतं.

हा राग योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. तो मुलांचा हट्ट आहे, रिकामपणचा उद्योग आहे, किंवा “एका अ‍ॅक्शनपटासाठी एवढं काय” असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा आहे. प्रश्न एका चित्रपटापुरता नाही. आपण आता गोष्टी जिथून घेतो, तिथे गोष्ट पुरी करण्याची जबाबदारी कुणाची, हा खरा प्रश्न आहे आणि तो तुमच्या माझ्या घरातला आहे.

या मुलींना हा चित्रपट एवढा जवळचा का, हे आधी सांगायला हवं. पहिला भाग १० जुलै २०२० ला आला. पुणेकरांच्या लक्षात तो दिवस वेगळ्या कारणाने असेल. १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा कडक टाळेबंदी लागणार, हे त्याच दिवशी जाहीर झालं होतं. मंडईत आणि वाण्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून पत्रे ठोकले होते. भाची तेव्हा अठरा वर्षांची. बारावीनंतरचं पुढचं सगळं अधांतरी, आणि ती आमच्याकडे अडकलेली. रात्री रस्त्यावर रुग्णवाहिकेचा आवाज आला की आम्ही दोघी बोलायच्या थांबायचो, आवाज लांब जाईपर्यंत.

अशा दिवसांत आम्ही न मरणाऱ्या माणसांची गोष्ट पाहिली. हजारो वर्षं जगलेली अँडी, तिची कुऱ्हाड, तिची चार-पाच माणसांची टोळी. गोळ्या लागतात, पडतात, पुन्हा उठतात. पण जीना प्रिन्स-बायथवूडने दिग्दर्शित केलेल्या त्या पहिल्या भागाची खरी ताकद उठण्यात नव्हती. हे अमरत्व कधीतरी, न सांगता, संपतं. अँडीची एक जखम भरत नाही आणि तिला कळतं की आपली वेळ आता मोजलेली आहे. फ्रान्समधल्या एका औषधाच्या दुकानात ती पट्टी शोधत असते. दुकानातली मुलगी तिला आत नेते, जखम धुते, पट्टी बांधते आणि कुठे लागलं, कुणी मारलं, काही म्हणजे काही विचारत नाही. एवढाच तो प्रसंग. त्या जुलैमध्ये माणूस माणसाला हात लावायला घाबरत होता, आणि पडद्यावर एक अनोळखी मुलगी एका अनोळखी बाईच्या खांद्यावर हात ठेवून होती. भाची तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहायची.

आणि क्विन. अँडीची शेकडो वर्षांची सोबतीण. चेटकीण ठरवून लोकांनी तिला लोखंडी पेटीत कोंडून समुद्रात टाकलं. ती बुडून मरते, पुन्हा जिवंत होते, पुन्हा बुडते. असं पाचशे वर्षं. पहिला भाग संपता संपता ती अचानक समोर उभी राहते, भिजलेली नव्हे, कोरडी, पाणी पीत, शांत. त्या एका प्रसंगावर या मुलींनी पाच वर्षं काढली. ही दोघी भेटतील तेव्हा काय बोलतील? अँडीने तिचा शोध सोडून दिला, एवढ्या मोठ्या अपराधाची माफी असते का? कॉलेजच्या कट्ट्यावर, पीएमटी बसच्या रांगेत, नोकरीतल्या जेवणाच्या सुट्टीत हे बोलणं चालायचं. (पीएमटीचं पीएमपीएमएल होऊन किती वर्षं झाली, पण तोंडात जुनंच बसलंय.)

दुसऱ्या भागात त्या भेटल्या. मारामारी झाली, बोलणं थोडक्यात उरकलं. जो आणि निकी हे दोघं धर्मयुद्धात एकमेकांविरुद्ध उभे ठाकलेले, एकमेकांना अनेकदा मारलेले आणि मग शतकानुशतकं एकमेकांचे झालेले. पहिल्या भागात शत्रूच्या गाडीत जखडलेला असताना जो आपल्या प्रेमाबद्दल जे बोलतो, ते कितीतरी मुलामुलींनी पाठ केलंय. दुसऱ्या भागात ते कडेला गेले. जागा खाल्ली ती नव्या नियमांनी. सर्वांत शेवटी अमर झालेली नाइल हिच्या हातून जखम झाली तर अमरत्व जातं, आणि जाता जाता ते दुसऱ्याला देता येतं. हे समजावून सांगण्यात पात्रांचा कितीतरी वेळ गेला.

तरीही या भागात एक प्रसंग असा होता की तिघी रडल्या. बुकर आपलं अमरत्व अँडीला देऊन टाकतो आणि मरतो. पहिल्या भागात याच बुकरने टोळीला दगा दिला होता आणि त्याला शंभर वर्षांची वनवासाची शिक्षा झाली होती. त्याची गोष्ट इथे पुरी झाली. सबंध चित्रपटात मनाला जाऊन भिडलं ते हेच, कारण एवढंच एक सूत शेवटपर्यंत कातलेलं होतं.

अमरांची गोष्ट आपल्याला नवी नाही. सात चिरंजीवांची नावं लहानपणी आजीने पाठ करून घेतली होती आणि त्यात पहिला अश्वत्थामा. त्याचं अमरत्व वर नव्हे, शाप. कपाळावरचा मणी काढून घेतलेला, तिथली जखम भळभळती, आणि तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याची शिक्षा. नर्मदा परिक्रमा करून आलेली माणसं आजही सांगतात की जंगलात एक उंच म्हातारा जखमेसाठी तेल मागायला आला होता. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या सुमारास त्याची यात्रा भरते. लोक रात्रभर चढून जातात. अश्वत्थाम्याची गोष्ट इतकी शतकं का टिकली? मला वाटतं, त्याच्या अमरत्वाला एक मोजमाप आहे म्हणून. तीन हजार वर्षं, अधिक नाही. दुःख केवढं आणि कुठवर, हे कथेने सांगून टाकलेलं आहे.

आणि आळंदी तर इथून तासाभरावर. चांगदेवांनी योगबळाने काळाला चौदाशे वर्षं हुलकावणी दिली, वाघावर बसून सापाचा चाबूक करून ते आले, आणि समोर बसलेली चार भावंडं भिंतीसकट पुढे सरकली. त्याआधी चांगदेवांनी पाठवलेला कोरा कागद पाहून मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. त्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या, त्याच चांगदेव पासष्टी. लिहिणारा एकविसाव्या वर्षी, १२९६ मध्ये, समाधी घेऊन मोकळा झाला. ग्रंथ पुरा करून, पसायदान मागून गेला. चौदाशे वर्षं एका पारड्यात आणि एकवीस दुसऱ्या पारड्यात घालणारी ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही कळते. किती जगलात याला महत्त्व नाही, पुरं काय केलंत ते सांगा.

अमरत्वाची कथा म्हणूनच शेवटावर तोललेली असते. एखाद्या खुनाच्या तपासाची गोष्ट मध्येच थांबली तर खुनी कोण तेवढं कळायचं राहतं. अमर माणसाची गोष्ट मध्येच थांबली तर तिचा अर्थच राहून जातो. कारण ती मुळात विचारते एकच गोष्ट: संपणार नाही असं आयुष्य जगायचं कशासाठी? याचं उत्तर मधल्या कुठल्याच प्रसंगात मिळत नाही.

याच जातीच्या चित्रपटांचा एक जुना दाखला आहे. १९८६ मध्ये ‘हायलँडर’ आला. त्यातलेही योद्धे अमर, शतकानुशतकं एकमेकांशी लढणारे. ते अमर का, हे चित्रपटाने सांगितलंच नाही आणि त्यामुळे त्यात एक गूढ राहिलं. १९९१ च्या दुसऱ्या भागाने सांगितलं: हे लोक दुसऱ्या ग्रहावरून आलेले आहेत. चाहत्यांनी तो भाग जो झिडकारला, तो आजतागायत. इतका, की १९९५ मध्ये दिग्दर्शकाने चित्रपट पुन्हा जुळवला आणि त्या ग्रहाचा उल्लेखच काढून टाकला. चाहत्यांचं ऐकून निर्माते बदलतात याचं हे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं. चाहते मूळ गोष्टीचे राखणदार झाले होते. ज्यांनी ती बनवली त्यांना तिचा विसर पडला, तेव्हा ज्यांनी ती ऐकली त्यांनी ती धरून ठेवली. लोककथा तरी याहून वेगळ्या कशा टिकल्या? जात्यावर बसलेल्या बायकांनी ओळ चुकली की चुकली म्हणून सांगितलं, म्हणूनच ना.

यावर पहिला आक्षेप येतो तो कलावंताच्या स्वातंत्र्याचा. शेवट कसा करायचा, करायचा की नाही, हे कलावंताने ठरवावं, प्रेक्षक कोण सांगणार? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण माझाही जीव त्याच बाजूला आहे. मोकळा शेवट ही मोठी गोष्ट आहे. दार उघडं ठेवून जाणारी कितीतरी नाटकं, कथा मी पाहिल्या-वाचल्यात आणि त्या घरी येऊन महिनोन्‌महिने माझ्याबरोबर राहिल्यात. पण मोकळा शेवट आणि तोडलेला धागा यांतला फरक पुण्यातल्या प्रेक्षकाला सांगायला नको. मोकळ्या शेवटात प्रश्न प्रेक्षकाच्या हाती येतो. तोडलेल्या धाग्यात प्रश्न कचेरीत अडकतो आणि त्याचं उत्तर कुठल्यातरी हिशेबाच्या तक्त्यात असतं. ‘द ओल्ड गार्ड’च्या दुसऱ्या भागात पात्रं कैदेत पडली ती प्रेक्षकाने विचार करावा म्हणून नव्हे, पुढच्या भागात सोडवायची म्हणून. तो भाग होईल की नाही हे दिग्दर्शिका व्हिक्टोरिया महोनीच्या हातातही नाही. मग हे स्वातंत्र्य कुणाचं?

अर्धं दाखवणं हे स्वतःत पाप नाही, हे तर याच शहराचा इतिहास सांगतो. ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला, तो पहिल्या चार अंकांचा. मराठी संगीत रंगभूमीची सुरुवातच अशी अपुऱ्या नाटकाने झाली. दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ ला, ‘सौभद्र’ आलं, तेही पहिले तीन अंक. सुभद्रेचं लग्न लागलेलं नाही, अर्जुन संन्याशाच्या वेषात, आणि प्रेक्षक घरी! पण १८८३ च्या मार्चमध्ये पाचही अंकांचं पूर्ण ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलं. तीन-चार महिन्यांत. अण्णासाहेबांनी अर्धं दाखवलं ते उरलेलं लिहीत असताना. लोक थांबले, कारण लिहिणारा लिहीत होता आणि त्याच गावात होता. रस्त्यात भेटला तर विचारता येत होतं.

त्यांचं तिसरं नाटक ‘रामराज्यवियोग’. त्याचे तीनच अंक झाले आणि १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले. ते नाटक कायमचं अपुरं राहिलं आणि त्याबद्दल आजवर कुणी त्यांना बोल लावलेला नाही. लावणारही नाही. मरण हे अपुरेपणाचं एकच कारण असं आहे की ज्यापुढे रसिक हात जोडतो. उलट अशी अपुरी कृती आपण जास्त जपतो.

नेटफ्लिक्ससारख्या कंपनीला मरण नाही. तिच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, वेळ आहे. पहिला भाग गाजला तेव्हा, ऑक्टोबर २०२० मध्ये, भागधारकांना लिहिलेल्या पत्रात तिने सांगितलं की पहिल्या चार आठवड्यांत ७ कोटी ८० लाख घरांनी तो पाहायला घेतला. पाहायला घेतला म्हणजे काय, तर तेव्हाच्या हिशेबाप्रमाणे किमान दोन मिनिटं चालू ठेवला. पुढे २०२३ पासून मोजण्याची रीत बदलली: एकूण किती तास पाहिलं, त्याला चित्रपटाच्या लांबीने भागायचं आणि पहिल्या ९१ दिवसांचा आकडा धरायचा. मी या रीतींना नावं ठेवत नाही, व्यवसाय म्हटला की मोजमाप आलंच. पण दोन्ही रीतींत काय मोजलं जातं ते बघा. किती जण आले, किती वेळ बसले. बुकर मेल्यावर तीन मुली एकमेकींचा हात धरून बसल्या, हे त्यात येत नाही. शेवटी कपाळाला हात लावून बसल्या, हेही नाही. दोन्हींचे तास सारखेच भरतात. उलट, पुढचा भाग येईल या आशेवर माणूस पुन्हा पुन्हा येतो, म्हणजे लटकवून ठेवण्यात फायदाच.

थिएटरमध्ये हे लपत नसे. राहुलला, वेस्ट एंडला किंवा अलकाला इंग्रजी चित्रपट सुटला की दारातल्या माणसाला गर्दीच्या चेहऱ्यावरून कळायचं. नाटकाला तर पडदा पडायच्या आतच निकाल लागतो. आता प्रत्येक जण आपापल्या खोलीत, एकेकट्याने निराश होतो. म्हणून मग ती निराशा सगळ्यांनी मिळून मोठ्याने बोलून दाखवणं गरजेचं झालंय. चाहत्यांच्या या गलक्याला मी प्रेक्षागृहातला आवाज म्हणते. प्रेक्षागृह राहिलं नाही, आवाज राहिला.

आता चाहत्यांच्या बाजूचंही सांगते, कारण त्यांच्या रागातलं सगळंच मला मान्य नाही. कलाकारांच्या वयावर, रंगावर घसरणारे असतात. लेखकाला घरचा पत्ता काढून धमकावण्याची भाषा करणारे असतात. तो राग नव्हे, गुंडगिरी आहे. आणि दुसरी, याहून सूक्ष्म चूक: मला हवा तोच शेवट दे. क्विनने माफ केलंच पाहिजे, बुकर जगलाच पाहिजे. इथे मी भाचीशीही भांडले. बुकर मेला म्हणून ती चिडली होती. मी म्हटलं, तू रडलीस ना? मग लेखकाने त्याचं काम केलं. शेवट कोणता, हा हक्क लिहिणाऱ्याचा. शेवट असावा, हा हक्क ऐकणाऱ्याचा. या दोन हक्कांची गल्लत झाली की चाहत्यांची न्याय्य मागणीही हट्टासारखी दिसते आणि कंपन्यांना “हे लोक कशानेच खूश होत नाहीत” असं म्हणायला मोकळीक मिळते.

“हे पुरेसं नाही” असं म्हणणं म्हणजे कलेचा अपमान, असं मानणाऱ्यांना महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धेतला २०२२ चा पुरुषोत्तम करंडक आठवत असेल. अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची नाही, असं ठरवून परीक्षकांनी त्या वर्षी तो कुणालाच दिला नाही. केवढा वाद झाला! मुलांनी रात्र रात्र जागून तालमी केल्या, त्यांचं मन मोडलं, असं एक म्हणणं. दर्जाशी तडजोड नको, असं दुसरं. मी त्या वेळी मुलांच्या बाजूने होते, अजूनही आहे. पण एक गोष्ट तेव्हा दोन्ही बाजूंनी गृहीत धरली होती, ती म्हणजे कला पाहणाऱ्याला निकष असावेत आणि ते बोलून दाखवावेत. भरत नाट्य मंदिरात “आव्वाज कुणाचा” म्हणून घसा फोडणारी तीच मुलं पडदा पडल्यावर नाटकाची चिरफाड करतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. प्रेम आहे म्हणून तर चिरफाड. मग हीच मुलं ओटीटीवरच्या चित्रपटाबद्दल बोलली की ती लगेच “टाइमपास करणारी चाहतेमंडळी” का होतात?

श्रावणातल्या एका शुक्रवारी भाची आमच्याकडे जेवायला होती. आईने जिवतीची पूजा मांडली होती. आईचं वय ऐंशीच्या पुढे, चष्म्यातूनही अक्षरं नीट लागत नाहीत, पण कहाणी तीच वाचते. आम्ही दोघी हातात अक्षता घेऊन बसलो. मध्येच आईला ठसका लागला. पाणी आणायला भाची उठू लागली तर आईने हातानेच खूण केली, बस. कहाणी अर्धी टाकून उठायचं नसतं. घशात खरखर घेऊन ती वाचत राहिली. आवाज बसला तशी ओळी कुजबुजत म्हणाली. “ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण” आलं तेव्हा कुठे आम्ही अक्षता वाहिल्या. भाचीच्या तळहाताला हळद लागली होती. पाणी प्यायल्यावर मी आईला विचारलं, एवढं काय, दोन मिनिटं थांबली असतीस तर? ती म्हणाली, “ऐकणाऱ्याच्या हातात अक्षता असतात ना गं, त्यांनी किती वेळ धरून बसायचं?”

सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या मुठीचा विचार करायचा असतो, हे ज्या बाईला कळतं तिने आयुष्यात ओटीटी पाहिलेलं नाही.

मग करायचं काय? हे सगळं कायद्याने बांधता येत नाही आणि येऊ नयेच. कुठल्या न्यायालयाने चित्रपटाचा शेवट लिहायला लावावा, असं मला वाटत नाही. पण एक साधी मागणी करता येते. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली ती, विकत घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे, या भूमिकेतून. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही माहिती मिळण्याचा हक्क मानतो. डब्यात किती ग्रॅम माल आहे ते डब्यावर छापावं लागतं. मग दोन तासांच्या चित्रपटावर “ही कथा या भागात पूर्ण होत नाही” एवढं लिहायला काय हरकत आहे? पुढचा भाग मंजूर झालाय की नाही, तेही लिहावं. जुन्या साप्ताहिकांत कादंबरीच्या प्रकरणाखाली “क्रमशः” छापलेलं असायचं. तो एक शब्द म्हणजे संपादकाने दिलेलं वचन होतं. आणि गोष्ट बंद पडली तर पुढच्या अंकात खुलासा यायचा. लेखक आजारी आहेत, लिखाण थांबलं आहे, क्षमस्व. कंपन्यांना हे अवघड नाही. ज्यांना पहिल्या ९१ दिवसांतला तास न्‌ तास मोजता येतो, त्यांना एक ओळ लिहिता येईल.

आणि जिथे पुढचा भाग होणारच नसेल, तिथे निदान गोष्ट सांगून टाकावी. पडद्यावर जमत नसेल तर कागदावर. ग्रेग रुका हे या गोष्टीचे मूळ लेखक, त्यांनीच लिआंद्रो फर्नांडिसबरोबर हे कॉमिक्स २०१७ मध्ये सुरू केलं आणि दोन्ही चित्रपटांच्या पटकथेतही त्यांचा हात आहे. चार पानांत का होईना, अँडी आणि क्विन पोचल्या की नाही, हे ते सांगू शकतील. चाहत्यांना कोट्यवधींची दृश्यं नको आहेत. त्यांना त्या दोघींचं पुढे काय झालं ते हवंय.

“मुलांनी मनावर घेऊ नये, पुढच्या आठवड्यात दुसरं काहीतरी येईल,” असं मला एका स्नेह्यांनी सांगितलं. येईलच. दर आठवड्याला येतं. पण तेही अर्धंच असलं तर? एकेक करून दहा गोष्टी अर्ध्या राहिल्या की माणूस गोष्टीत जीव गुंतवायचंच सोडतो. माझ्या ओळखीतली कितीतरी तरुण मुलं आता सरळ सांगतात की मालिका पूर्ण झाल्याशिवाय आम्ही सुरूच करत नाही. पोळलेली आहेत ती. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. टाळेबंदीत एका अठरा वर्षांच्या मुलीने मरणाच्या भीतीवर उतारा म्हणून एक गोष्ट पोटाशी धरली होती. तशी गोष्ट धरायची हिंमत पुढच्या मुलीला राहावी.

भाचीने गेल्या महिन्यात कंपनीच्या अभिप्रायाच्या रकान्यात एक संदेश पाठवला. आधी तिने दीड पान लिहिलं होतं, ते मला दाखवलं, आणि मग आम्ही दोघींनी मिळून ते कापत कापत खाली आणलं. त्यात चित्रपट वाईट आहे असं म्हटलेलं नाही. शिवी नाही, उद्गारचिन्हही नाही. “तिसरा भाग करणार असाल तर तारीख सांगा, आम्ही थांबू. करणार नसाल तर तसं सांगा आणि त्या दोघींचं काय झालं ते लिहून कळवा.” अजून उत्तर आलेलं नाही. तेच दोन ओळींचं पत्र मी माझ्या नावानेही पाठवलं आहे.